लाल रेघेच्या आत

सोमवार, ११ जानेवारी १९९९

आज पुन्हा घंटा वाजली, आणि आज पुन्हा काहीही बिघडलेलं नव्हतं.

घंटा म्हणजे खरीखुरी पितळी घंटा, बुचांच्या कारखान्यातल्या आमच्या प्रयोगशाळेच्या दारात टांगलेली. माझ्या आलेखावरचा ठिपका लाल रेघेच्या वर गेला की मी ती वाजवायची आणि उत्पादन बघणाऱ्या वाल्देमारनं काम थांबवायचं, असा मालकांचा, सेन्योर गास्पारांचा नियम. पहिले काही महिने सगळे धावत यायचे. आता निवडखोलीतून एर्मिनिया ओरडते, "ओतिलिया, जेवणाची का गं?" आणि सगळ्या बायका खिदळतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

दोष माझा नाही, गणिताचा आहे. रेघ आखणाऱ्यानं धरून चाललंय की फरक दोन्ही अंगांनी सारखा पडतो, माणसांच्या उंचीसारखा: बहुतेक मधले, थोडे बुटके, थोडे ताडमाड. चित्र काढलं तर घंटेसारखं दिसतं. बाटलीच्या बुचांचं तसं नाही. रंगीत वाइनमध्ये रात्रभर उभी केली की बहुतेक बुचं जेमतेम बुडाशी ओली होतात. त्याहून कमी ती होणार तरी कशी? तिकडे भिंतच. पण एखादं असं निघतं की टोकापर्यंत पिऊन बसतं. म्हणजे हा लांब शेपटीचा उंदीर. त्याला घंटेच्या मापाचा अंगरखा शिवला, तर शेपूट बाहेर राहणारच, आणि मी रोज शेपूट दिसलं म्हणून बोंब मारत बसणार.

एरवी मी हसून सोडलं असतं. पण नाताळाआधी ते कॅमेऱ्यांचं मशीन आलं. बूच फिरवून फोटो काढतं आणि चांगलं-वाईट ठरवतं, जे काम निवडखोलीतल्या बायका पिढ्यान् पिढ्या डोळ्यांनी आणि बोटांनी करत आल्या. गास्पार म्हणाले, "ईस्टरपर्यंत तू दोन्हीकडची बुचं मोज. मशीनची तफावत बायकांच्या तफावतीहून जास्त नसेल, तर मी आणखी मशीनं घेईन आणि निवडखोली बंद करीन. आलेख सांगेल ते."

माझी आई जन्मभर त्याच खोलीत बसली. तिथल्या तीस बायकांचं नशीब आता माझ्या रेघेवर, आणि रेघ चुकीची. नवी शोधली पाहिजे.

(ही वही फक्त डोकं हलकं करायला. मागचं वाचायची मला सवय नाही. लिहिलं की संपलं.)

बुधवार, २० जानेवारी

आज फोगासेइराचा सण. पांढऱ्या झग्यातल्या पोरी डोक्यावर गोड पाव घेऊन मिरवल्या. वाल्देमारनं माझ्यासाठी तसलाच एक पाव, फोगासा, आणला, अजून गरम. बारा वर्षं तो उत्पादन बघतो आणि मी गुणवत्ता, म्हणजे खरं तर आम्ही कुत्र्यामांजरासारखं भांडायला हवं. पण बायको गेल्यापासून तो दुपारचा डबा माझ्याच टेबलावर उघडतो. मी कशाला नाही म्हणू?

माझ्या उंदराची गोष्ट त्याला सांगितली. कारखान्यात ती पहिल्यांदाच कुणीतरी शेवटपर्यंत ऐकली. म्हणाला, "मग तू रेघ बुचांकडूनच शिकून घे ना. घंटेला सोड." मी त्याच्याकडे बघतच राहिले. हेच माझ्या मनात होतं.

नमुना काढणारा म्हातारा निवृत्त झालाय. त्याच्या जागी कोण, हे मला सुचत नव्हतं. वाल्देमार म्हणाला, "लिओनिल्द मावशी."

लिओनिल्द मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण. आई निवडायला बसली की मावशी मला मांडीवर घ्यायची आणि एका हातानं निवडायची. निवडखोलीत तिच्याइतकी जुनी आता कुणी नाही.

"तिला रे काय कळतंय नमुन्यातलं?" मी म्हटलं.

"कळायचंय काय त्यात? हात घालायचा, काढायचं. आणि तिच्याइतकी प्रामाणिक बाई या कारखान्यात नाही. उद्या निकाल काही लागू दे, बायका म्हणणार नाहीत की ओतिलियानं फसवलं. त्यांचंच माणूस नमुना काढतंय."

किती विचार करतो हा माझा! मला एवढं सुचलं नसतं.

बुधवार, ३ फेब्रुवारी

नवा आलेख तयार झाला! घंटेचा विचारच केला नाही. निवडखोलीची गेल्या तीन वर्षांची मोजमापं काढली, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं लावली, आणि चांगल्या दिवसांत तफावत कुठवर जाते ते त्यांनाच विचारलं. लाल रेघ तिथे. आता उंदीर शेपटीसकट अंगरख्यात बसतो. शेपूट खरोखर वाढलं तरच रेघ ओलांडली जाईल.

जुने दिवस त्यावर बसवून बघितले. ज्या दिवसांत बॉयलर बिघडून बुचाच्या झाडाची साल कच्ची उकडली होती, बरोबर तेवढेच दिवस वर आले. बाकी शांत. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. वेडीच आहे.

मावशी रोज सकाळी दोन ट्रे आणते, एक निवडखोलीचा, एक मशीनचा. आज तिच्याबरोबर मशीनपाशी गेले. तिचं गुडघ्याचं रडगाणं चालू, नजर माझ्याकडे, आणि बोटं बुचांमध्ये आपोआप फिरतायत. बघत राहावं असे हात. मशीनचा ट्रे भरायला तिला जरा जास्त वेळ लागतो, गुडघ्यामुळे असेल. एप्रनचा खिसा हा एवढा फुगलेला.

"काय गं मावशे, चोरून नेतेस?"

"चुलीला गं बाई! बूच काय छान पेटतं. तुझी आई नाही का न्यायची?"

न्यायची की. निवडखोलीची जुनी रीतच ती: अगदी टाकाऊ बूच बाईच्या खिशात आणि खिशातून चुलीत. आमचं घर बुचांच्या वासाचंच होतं. आईची आठवण येऊन जरा गलबलून आलं.

दोन्ही ट्रे रेघेच्या आत. घंटा गप्प. एर्मिनियानं खिडकीतून विचारलं, "आज उपास का?"

गुरुवार, १८ फेब्रुवारी

घंटा वाजली. काल आणि आज, दोन्ही दिवस मशीनच्या ट्रेला. ठिपका थोडाथोडका नाही, कागदाच्या टोकाला.

निवडखोलीत एकच गलका झाला. "पडलं! मशीन पडलं!" एर्मिनियानं टेबलावर थाप मारली. मलाही, लपवून काय करू, आनंद झाला. आईच्या खोलीनं मशीनला हरवलं!

मावशी मात्र हैराण. मंगळवारी कार्निव्हलच्या पुऱ्या तळताना तेल उडून उजव्या हाताची बोटं भाजली. ही जाड पट्टी बांधलीय, कापडाच्या बोळ्यासारखी. तसल्या हातानं नमुना काढते. "घरी बस" म्हटलं, तर म्हणते, "घरी कोण आहे माझं?"

बुधवार, २४ फेब्रुवारी

आठवडाभर मशीन रेघेबाहेर. काल मावशीची पट्टी सुटली. आज मशीन आत.

वाल्देमार दुपारी आला. संत्री सोलून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "ते दिवस तू धरणार आहेस?"

"का नको?"

"नमुना काढणारीचा हात भाजलेला. मशीनच्या तोंडाशी बुचं धावत येतात. पट्टीत काय अडकणार? खडबडीत, भोकं पडलेली तीच. गुळगुळीत निसटून जाणार. मशीन तेच, साल तीच, बदलली फक्त पट्टी. तूच म्हणतेस ना, कारण सापडलेला ठिपका हिशेबात धरायचा नसतो?"

म्हणते खरी. पुस्तकात तसंच आहे. कारण माहीत असलेला ठिपका बाजूला काढायचा, नाहीतर तो निकालाला ओढून नेतो.

"पण निवडखोलीच्या ट्रेला पट्टीनं काही झालं नाही," मी म्हटलं.

"तिथे बुचं टेबलावर निवांत पडलेली असतात. धावतात का?"

पटलं. मनात कुठेतरी चरफडले, कारण ते दिवस धरले असते तर निवडखोली वाचली असती. म्हणूनच ते धरायचे नाहीत. आपल्याला हवं ते दिसतंय म्हणून ठेवायचं, ही बेइमानी. ठिपक्यांभोवती गोल केला, बाजूला लिहिलं "कारण: नमुना काढणारीस इजा", आणि वगळले.

त्यानं माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाला, "तुझ्यासारखी सरळ बाई मी बघितली नाही." एक्केचाळिसाव्या वर्षी कान लाल झाले. काय हे!

सोमवार, २२ मार्च

झोप नाही. मशीन बायकांइतकंच स्थिर आहे, आलेख सांगतोय. पट्टीचा आठवडा सोडला तर एकदाही रेघ ओलांडली नाही. मी दहा वेळा तपासलं. नवी रेघ तीन वर्षांच्या मापांवर आखलीय, तिच्यात खोट नाही. उलट तिचा मला किती अभिमान होता!

निवडखोलीतून जायचं टाळते. बायका मला "आपली ओतिलिया" म्हणतात. आज एकीनं अंड्यांची टोपली दिली. "खा गं, वाळलीस." त्यांना वाटतंय मी काहीतरी करीन. रेघ बोटभर खाली सरकवली तर कुणाच्या बापाला कळणार नाही.

नाही. मी मोजणारी बाई आहे. मी खोटं लिहायला लागले, तर मग माझ्याजवळ उरलं काय?

बुधवार, ३१ मार्च

सांगितलं. गास्पार बराच वेळ आलेख बघत बसले. मग म्हणाले, "तूच केलंस म्हणून विश्वास ठेवतो. दुसऱ्या कुणी आणून दिलं असतं तर ठेवला नसता." म्हणजे माझं नाव तीस बायकांच्या डोक्यात घालायला वापरलं गेलं.

बातमी माझ्याआधी निवडखोलीत पोचली होती. मी दारात उभी राहिले, तर कुणी मान वर करेना. फक्त बुचं पडल्याचा आवाज. मग एर्मिनिया उठली. नेहमीचं चिडवणं नव्हतं तिच्या तोंडात.

"तुझ्या आईच्या पाटावर मशीन बसवलंस तू."

"मी फक्त मोजलं, एर्मिनिया."

"मोज. आता घरी बसून आम्ही काय खातो तेही मोज."

 मावशी खाली बघून निवडत होती.

मला राग येतोय, आणि येऊ दे. यांनी मला अंडी दिली ती मी खोटं बोलावं म्हणून? आपली म्हणायचं, आणि आपलं माणूस खरं बोललं की तोंड फिरवायचं? मी यांचा घात केला म्हणतात. घात माझा झालाय.

रविवार, ४ एप्रिल, ईस्टर

दरवर्षी शेजारणी अंडं घातलेला ईस्टरचा पाव पाठवतात. टेबलावर जागा करून ठेवावी लागते एवढे येतात. आज एकही नाही. मावशीचासुद्धा नाही.

वाल्देमार जेवायला येणार होता. मी कोकरू भाजलं. दोन वाजता निरोप आला, बहिणीकडे जावं लागलं म्हणे. मी एकटीच जेवले, आणि उरलेलं कुत्र्याला.

शुक्रवार, ३० एप्रिल

निवडखोलीचा शेवटचा दिवस. बायकांनी एप्रन घड्या करून टेबलावर ठेवले आणि एका ओळीत निघून गेल्या. मशीनपाशी थांबून एर्मिनियानं पत्र्यावर टिचकी मारली. "सांभाळ गं ओतिलियाचं बाळ."

मावशीला राहता आलं असतं. वाल्देमारनं किती गयावया केली! "मावशी, तू नमुना काढत राहा, तुझी जागा मी कायम करून घेतो." पार फाटकापर्यंत मागे गेला. ती म्हणाली, "ज्यांच्याबरोबर आले त्यांच्याबरोबर जाते." मला त्याचं मन फार मोठं वाटलं. बाकीच्यांसाठी नाही, पण निदान एका म्हातारीसाठी तरी कुणी धडपडलं.

मंगळवार, १८ मे

मे महिन्यात एक दिवस असा गेला नाही की घंटा वाजली नाही.

नमुना आता मी स्वतः काढते. डोळे मिटून, हात घालून, हाताला येईल ते. रोज ठिपका बाहेर. वाइन बदलली. मोजपट्टी बदलली. नव्या मुलीकडून नमुना काढवला, तोही बाहेर. मग मला संशय आला की वाल्देमार हलकी साल घालतोय. गोदामात जाऊन गठ्ठे बघितले, साल तीच.

त्याला सांगितलं, तर संत्रं नाही, बसणं नाही. दारातूनच म्हणाला, "तुझी ती घंटा आता उतरव. लोकांना त्रास होतो." बारा वर्षांत हा माझ्याशी असा कधी बोलला नव्हता.

मग मी मावशीकडे गेले. आलेखासाठी नाही. मला कुणीतरी हवं होतं, बस्स. तिनं दार उघडलं, "ये" म्हणाली, पण पुढे येऊन मुका घेतला नाही. कोबीचं सूप वाढलं, मक्याची भाकर मोडून दिली. चुलीशेजारी टोपली होती. बुचांची, काठोकाठ.

"एवढी कुठून गं?" मी विचारलं.

"खिशातली. नमुन्याच्या दिवसांतली. आता कारखाना नाही, तर पुरवून पुरवून जाळते."

एक उचललं. उजेडात धरलं. आत किड्यानं कोरलेली वाट होती. दुसरं उचललं. तडा. तिसरं हिरवट, कच्चं.

"ही मशीनच्या ट्रेतली?"

"तिथलीच जास्त. त्या मशीनला डोळे कुठायत? काहीही सोडतं बाई."

"आणि तू ही बाजूला काढलीस?"

"मी कशाला काढू? तू सांगितलंस ना, हाताला येईल ते घे. तसंच घेतलं." तिनं आपल्या हातांकडे बघितलं. "वाईट बूच हाताला लागलं की आपसूक खिशात जातं. माझं लक्ष नसतंच. वाईट बूच तुला कशाला देईन मी?"

मी चमचा खाली ठेवला. मशीननं सोडलेली वाईट बुचं मावशीच्या बोटांनी वेचली. मशीनमागे बसून निवडखोलीचं काम तिनं एकटीनं केलं, आणि श्रेय मशीनला गेलं. त्या श्रेयावर निवडखोली बुडाली. पट्टीच्या आठवड्यात बोटं बांधलेली होती, म्हणून तेवढाच आठवडा खरा होता. आणि तेवढाच मी वगळला.

"काय झालं गं? पांढरी पडलीस."

"काही नाही. जरा टोपली नेऊ?"

"ने. पण परत आण, पावसाळी दिवसांत लागते."

गुरुवार, २० मे

टोपलीतली बुचं वाइनमध्ये ठेवली होती. सकाळी बघितली. शेपूट. माझ्या उंदराचं हरवलेलं अख्खं शेपूट.

ट्रे घेऊन तशीच गास्पारांच्या खोलीत गेले. वाल्देमार तिथेच होता. सगळं सांगितलं. रेघ बरोबर होती, नमुना खोटा होता, निवडखोली चुकून बंद झाली. गास्पारांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. वाल्देमार जराही दचकला नाही. मी त्याच्याकडे वळले.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"निवडणाऱ्या बाईच्या हातात बुचं दिली तर ती निवडणारच. यात माहीत असण्यासारखं काय आहे?"

"म्हणून तिचं नाव सुचवलंस? फोगासा घेऊन आलास ते यासाठी?"

"मशीन मी आणवलं होतं, ओतिलिया. ते पडलं असतं तर मीही पडलो असतो."

"आणि पट्टीचे दिवस?"

"ते तू वगळलेस. सही तुझी आहे." मग हळूच, अगदी प्रेमानं बोलल्यासारखं म्हणाला, "आणि आता भोळी होऊ नकोस. तुलाही माहीत होतं. खिसा रोज तुझ्या डोळ्यांसमोर होता."

खोटारडा! मेला निर्लज्ज! मला काय माहीत होतं? मी तो खिसा कधी बघितला नाही, मला मान वर करायला तरी फुरसत होती का? स्वतःचं पाप माझ्या पदरात टाकायला निघालाय. इतकी वर्षं याच्यासाठी मी टेबलाचा अर्धा भाग मोकळा ठेवला.

गास्पार म्हणाले, "निवडखोलीची जमीन उखडलीय. मशीनं बंदरात उतरलीत. आता मी काय करू?" आणि वाल्देमार, त्याला लाज म्हणून नाही, म्हणाला, "लिओनिल्दला परत बोलावू. मशीनच्या तोंडाशी बसेल. बुचंही सुधारतील आणि आलेखही गप्प बसेल."

गास्पारांचा चेहरा खुलला! "हे बरं आहे. म्हातारीचीही सोय होईल."

मी ओरडलेच. "तिच्या हातांनी तिच्याच माणसांची खोली पाडलीत, आणि आता तेच हात कामाला लावणार? तिला तिथे बसवलंत, तर मी सगळ्या गिऱ्हाइकांना कळवीन. एकेकाला."

"म्हणजे तुला ती परत नको?" वाल्देमारनं विचारलं.

"नको!"

तो नुसता हसला. का हसला ते मला कळलं नाही. मी घंटा स्वतःच्या हातानं उतरवली, गास्पारांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले.

रविवार, ६ जून

राजीनामा मंजूर.

मावशीला सांगायला तीनदा तिच्या गल्लीपर्यंत गेले. काय सांगू? की तुझ्याच बोटांनी एर्मिनियाचं, सगळ्यांचं काम घालवलं? ती रोज संध्याकाळी त्यांच्यातच बसते. दुसरं घर नाही तिला. त्यांना कळलं तर तिला बसू देतील? देतीलही. पण ती बसू शकेल? पुन्हा कधी त्या हातांकडे बघू शकेल?

टोपली तिच्या दारात ठेवली आणि न बोलता परत आले.

गुरुवार, २४ जून, संत जोआवचा सण

जायचं नव्हतं. तरी गेले. चर्चच्या अंगणात लांब टेबलं, सार्डिन मासे भाजल्याचा धूर, पोरं रिवाजाप्रमाणे एकमेकांच्या डोक्यात प्लास्टिकच्या हातोड्या मारतायत. निवडखोलीच्या बायका एका टेबलावर. मी ताट घेऊन उभी राहिले, तर एर्मिनियानं शाल काढून रिकाम्या जागेवर पसरली.

पलीकडच्या टेबलावर वाल्देमार होता. बायका उठून उठून त्याला सार्डिन वाढत होत्या. एकजण म्हणाली, "घे रे, आमच्या मावशीसाठी तूच तेवढा भांडलास."

तेव्हा कळलं, त्या दिवशी गास्पारांच्या खोलीत तो का हसला होता.

मावशी टेबलाच्या टोकाला होती. पुढ्यात चेरीचं भांडं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "बस इथे. उभ्यानं खाऊ नये."

बसले. 

"वाल्देमार आला होता घरी," ती म्हणाली. "सांगत होता, मला परत घ्यायचं ठरलं होतं. साहेबही हो म्हणाले होते. तू आडवी आलीस म्हणे."

मी ताट टेबलावर ठेवलं.

"खरं का गं, ओती?"

"खरं."

"का?"

सगळं अगदी जिभेवर आलं होतं. एक वाक्य. त्या एका वाक्यानं एर्मिनियानं शाल उचलली असती, वाल्देमारच्या ताटातली सार्डिन कुणीतरी त्याच्या तोंडावर फेकली असती, आणि पावांनी माझं टेबल पुन्हा भरलं असतं. मी मावशीच्या हातांकडे बघितलं. उजव्या बोटांवर भाजल्याचे गुलाबी डाग अजून आहेत.

"माझ्या आलेखात ते बसत नव्हतं, मावशी," मी म्हटलं.

"तुझा आलेख." तिनं चेरीचं भांडं जवळ ओढलं. "तुला मांडीवर घेऊन निवडायला बसायची मी. परक्यानं केलं असतं तर सोसलं असतं गं. तुझी आई हे बघायला नाही, तेच बरं झालं."

उभ्या आयुष्यात तिनं मला असं काही म्हटलेलं नाही. एर्मिनिया पलीकडून म्हणाली, "मावशे, कशाला तोंडी लागतेस तिच्या?" मावशीनं तोंड फिरवलं आणि तिच्याशी गुडघ्याचं बोलायला लागली. नंतर माझ्याकडे वळली नाही.

पण तिचा हात भांड्यात होता. बोलता बोलता बोटं चेरींमध्ये फिरत होती. एखादी तिच्या खिशात जायची, दुसरी माझ्या ताटात पडायची. तिला ठाऊकसुद्धा नव्हतं. ताट भरत आलं तेव्हा मी खायला लागले. एकही किडकी निघाली नाही.